बोकडानं अंग झाडलं नाही

माझं माहेर भांडगावचं. पुणे-सोलापूर रस्त्याच्या कडेला आमचं शेत, आणि घरात पिढ्यान्‌पिढ्यांची तुळशीची माळ. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. नांगर चालू असताना फाळापुढं बेडूक आला तर आबा बैल थांबवायचे आणि तो उड्या मारत बांधावर पोचेपर्यंत कासरा धरून उभे राहायचे. अशा घरातली मुलगी नदीपलीकडं, वडगाव रासाईला, वशाट खाणाऱ्या घरात द्यायचं ठरलं तेव्हा भावकीतल्या माणसांनी आबांना तोंडावर विचारलं, "पोरीला मटणाच्या हंडीत ढकलतोयस व्हय रं?"

आबांची आणि माझ्या सासऱ्यांची ओळख बैलबाजारातली. सासरे एक खोंड विकायला घेऊन आले होते. आबांना तो पसंत पडला, तर सासरेच म्हणाले, "पाव्हणं, ह्यो लाथ मारतोय. घरात बारकी पोरं असतील तर नेऊ नगा." आबांनी खोंड घेतला नाही, पण त्या एका वाक्यावर दोन वर्षांनी सोयरीक केली.

सासरी निघताना आबांनी मला बाजूला घेतलं. "तुला खायचं न्हाई तर खाऊ नगं. कुणी बळजबरी करणार न्हाई, तसं बोलणं झालंय. पण त्यांच्या ताटाकडं बघून नाक मुरडू नगं. त्यांचंबी घर हाय, त्यांचाबी देव हाय."

माझ्या सासूबाई, आमच्याकडच्या रीतीनं आत्याबाई, उंचपुऱ्या, हाडापेरानं दणकट. आवाज असा की मळ्यातून हाक मारली तर गावात ऐकू जावी. पहिल्याच दिवशी त्यांनी सोप्याच्या कोपऱ्यात माझ्यासाठी वेगळी चूल मांडून दिली. नवा तवा, नवी पातेली. म्हणाल्या, "ह्या भांड्यांना आमचा हात लागायचा न्हाई. तुझं तू कर, आमचं आमी करतो. जेवायला मातर एका पंगतीला बसायचं." आणि खरंच तसं चाललं. त्यांच्या ताटात रस्सा असला की नळी फोडून, डोळे मिटून, सगळं जग विसरून त्या खायच्या. मी माझ्या पिठलं-भाकरीचा घास हातात धरून त्यांच्याकडं बघत राही. एवढ्या आनंदानं जेवणारं माणूस आमच्या भांडगावच्या घरात कुणी नव्हतं.

माझे यजमान दौंडला रेल्वेत फायरमन. तेव्हा कोळशाची इंजिनं होती. घरी यायचे ते डोळ्यांच्या पापण्यांत काजळी घेऊन. स्टेशनाजवळ आम्हाला क्वार्टर मिळालं होतं, त्यामुळं माझं अर्धं आयुष्य दौंडात आणि अर्धं वडगावात गेलं. केडगावला गाडीतून उतरायचं, मिळेल त्या बैलगाडीनं नदीपर्यंत जायचं, मग होडी. पलीकडच्या काठावर कुणी ना कुणी उभं असायचं.

माझी पहिली दोन बाळं राहिली नाहीत. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा आत्याबाई एकट्याच मळ्यात गेल्या. बांधावरच्या निंबाखाली आमचा म्हसोबा आहे. म्हसोबा म्हणजे शेंदूर लावलेला एक गुडघाभर धोंडा. त्याच्यापुढं पदर पसरून त्या बोलून आल्या, "नातवंड जगू दे. जावळाला तुला बोकड देईन." यजमानांना हे कळलं तेव्हा ते हसले. "भट्टीत कोळसा टाकला तर इंजिन पळतं," ते म्हणाले. "नवस बोलून पळत असतं तर आम्हाला पगार कशाला दिला असता?" पण आईसमोर नाही बोलले. माझ्यापुढं बोलले.

मुलगा झाला आणि जगला.

नवसाचा बोकड बाजारातून आणायचा नाही, असं आत्याबाईंचं म्हणणं. शिरूरच्या बाजारात हवे तसे बोकड मिळायचे. सासरे म्हणालेही, "ऐनवेळी एक आणू." पण आत्याबाई म्हणाल्या, "देवाला द्यायचं ते दुसऱ्याच्या दारातलं कशाला?" घरातल्याच एका शेळीला त्या थंडीत करडू झालं आणि शेळी मेली. करडू तांबूस रंगाचं, एक कान पांढरा. आत्याबाईंनी ते वाढवलं. चिंधी दुधात बुडवून त्याच्या तोंडात द्यायच्या. रात्री पायथ्याशी गोणपाटावर घेऊन निजायच्या. ते मोठं झालं तरी त्यांच्या मागं मागं हिंडायचं. त्या दळायला बसल्या की जात्याशी येऊन उभं राहायचं, पिठाला तोंड लावायचं आणि मार खायचं.

 एकदा न राहवून मी विचारलं, "आत्याबाई, असं हातानं भरवायचं आन् मग त्यालाच कापायचं, तुम्हाला कसं जमतं?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मीच काहीतरी निर्दय बोलले.

"मग काय न वळखता कापायचा?" त्या म्हणाल्या.

 पुढं किती तरी दिवस ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं. दौंडच्या बाजारातून जाताना खाटकाच्या दुकानात सोललेले बोकड उलटे टांगलेले दिसायचे. आमच्या क्वार्टरच्या रांगेतली माणसं कागदात गुंडाळून मटण न्यायची. तो कुठला, कुणी वाढवला, त्याचा कान कोणत्या रंगाचा होता, कुणालाच माहीत नसायचं. मला आजवर तेच बरं वाटत आलं होतं. डोळ्याआड आहे, आपल्याला त्याचं काय. आता तिथून जाताना मी मान खाली घालेनाशी झाले.

जावळ पुढच्या वर्षीच्या चैत्रात ठरलं. पाहुणेरावळे आले, भावकी आली. माझ्या माहेरची माणसंही आली. आबा माळ घालून बोकडाच्या जेवणाला येणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण ते आले. सासऱ्यांनी त्यांच्यासाठी निंबापासून जरा लांब, आंब्याखाली घोंगडं अंथरलं होतं आणि शेजारी माझी चूल मांडली होती. सकाळी माझ्या भावाच्या मांडीवर बसवून मुलाचं जावळ काढलं. तो रडून रडून लालबुंद झाला. इकडं तीन दगडांच्या मोठाल्या चुलींवर हंडे चढले. बायका खोबरं-कांद्याचं वाटण वाटत होत्या, भाकऱ्या थापत होत्या. सगळ्या शिवारात त्या भाजलेल्या खोबऱ्याचा वास.

मग बोकड आणला. आत्याबाईंनी त्याला सकाळीच नदीवर धुतलं होतं. कपाळाला हळद-कुंकू, गळ्यात झेंडूची माळ. मुलाणी मामा निंबाच्या बुंध्याशी उकिडवे बसले होते. गावातला कुठलाही बोकड कापायचा तो त्यांच्याच हातानं, मग तो ईदचा असो की म्हसोबाचा. त्यांच्या वडिलांनी आमच्या आजेसासऱ्यांचे बोकड कापले होते. सुरी धोतराच्या सोग्याखाली झाकलेली. जनावराला सुरी दिसू द्यायची नाही, असा त्यांचा नेम होता.

आमच्याकडची रीत अशी. बोकडाला देवापुढं उभं करायचं आणि त्याच्या पाठीवर पाणी शिंपडायचं. त्यानं अंग झाडलं, म्हणजे देवानं मानलं आणि त्यानंही मानलं. त्याच्याआधी कुणी हात लावायचा नाही. मला हे ऐकून माहीत होतं, पण पाहिलं नव्हतं. लग्नानंतर अशा प्रसंगी मी घरातच थांबायचे. या वेळी नवस माझ्या मुलाचा होता. मुलाला कडेवर घेऊन मला समोर उभं राहावं लागलं.

सासऱ्यांनी तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन बोकडाच्या पाठीवर शिंपडलं. सगळे हात जोडून उभे. पाण्याचे थेंब त्याच्या तांबूस केसांवरून ओघळले आणि खाली पडले. बोकड उभाच. त्यानं निंबाच्या खालच्या डहाळीकडं मान केली, दोन पानं ओरबाडली आणि चघळायला लागला.

पोरं हसली. मोठी माणसंही हसली. "चव घेतोय," कुणीतरी म्हणालं. सासऱ्यांनी पुन्हा शिंपडलं, आता मानेवर, कानांवर. बोकड पानं चघळत उभा. तिसऱ्यांदा शिंपडलं. मग हसणं थांबलं.

मी माझ्या आयुष्यात तशी शांतता ऐकलेली नाही. भाकऱ्यांचा आवाज थांबला, वाटणाचे वरवंटे थांबले. इतकी माणसं, भुकेली, पहाटेपासून चालत आलेली, आणि सगळी एका जनावराच्या पाठीच्या कातडीकडं डोळे लावून उभी. माझे सासरे सरपंचापुढं कधी वाकले नाहीत, मामलेदारापुढं टोपी काढली नाही. ते बोकडापुढं हात जोडून उभे होते. बोकड आमच्याकडं बघत होता. एकेकाकडं बघत होता. त्या आडव्या बाहुल्यांच्या पिवळ्या डोळ्यांत काय होतं ते मला सांगता येणार नाही. भीती नव्हती, एवढं नक्की.  असं वाटलं, इथं आपण सगळे जण उभे आहोत खरे, पण ठरवणारा तो आहे.

ऊन चढलं. कुणी म्हणालं देवाला नारळ फोडा, नारळ फोडला. कुणी म्हणालं जागा बदला, बोकडाला धोंड्याच्या दुसऱ्या बाजूला नेलं. पाणी शिंपडलं. त्यानं एकदा कान हलवला, तसे सगळे पुढं सरकले. पण कान हलणं म्हणजे अंग झाडणं नाही. मुलाणी मामा उठले नाहीत.

शेवटी सासऱ्यांचे चुलतभाऊ वैतागले. "अप्पा, उन्हं डोक्यावर आली. माणसं उपाशी हायती. एक बादली वता की गार पाण्याची! झक मारत झाडतंय अंग."

सासरे त्यांच्याकडं वळले. आवाज चढवला नाही. "बादली वतून व्हय म्हणवून घ्यायचं, तर मग इचारायचं कशाला?"

"मुलाणी मामा, तुमी तरी बोला," चुलत सासरे म्हणाले.

मामा हसले. "मी काय बोलू? अप्पा सांगतील तवा सुरी काढीन. पण त्यानं अंग झाडल्याबिगर अप्पा सांगायचे न्हाईत, आन् त्यांनी सांगितलं तरी मी काढायचा न्हाई."

मग सासरे आंब्याखाली आबांकडं गेले. मी मुलाला घेऊन जवळच होते. "पाव्हणं," सासरे म्हणाले, "तुमी माळकरी. तुमाला ह्यातलं काय वाटतं, सांगा."

मला वाटलं, आबा म्हणतील, सोडून द्या. आयुष्यभर ते तेच मानत आले होते. आबांनी बोकडाकडं पाहिलं. मग म्हणाले, "मी सांगितलं तर ते माझ्या माळेचं सांगणं हुईल. त्याचं न्हाई. त्याला ज्यानं वाढवलं त्याला इचारा."

आत्याबाई चुलीपाशी होत्या. नवस त्यांचा, पण बाईमाणूस म्हणून त्या मागं थांबल्या होत्या. सासऱ्यांनी हाक मारली. त्या हात पुसत आल्या. तांब्या घेतला नाही. बोकडाच्या पुढ्यात मातीत बसल्या, तसा तो त्यांच्या पदराला तोंड लावायला लागला. त्यांनी त्याच्या पांढऱ्या कानामागं खाजवलं. मग तिथंच ठेवलेल्या तांब्यातून चूळभर पाणी घेऊन त्याच्या पाठीवर सोडलं आणि त्याच्या डोळ्यांत बघत बसल्या. किती वेळ, कुणास ठाऊक. 

"न्हाई म्हणतोय त्यो," आत्याबाई म्हणाल्या. "सकाळधरनं न्हाई म्हणतोय. तुमास्नी ऐकू येत न्हाई का?"

आणि त्यांनी त्याच्या गळ्यातलं दावं सोडलं.

 बोकड तिथंच उभा राहिला, माळेतली झेंडूची फुलं खात. मुलाणी मामा उठले, सुरी फडक्यात गुंडाळली, आणि माझ्या मुलाच्या तुळतुळीत डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "लई मोठ्ठा हो." तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

त्या वाटणात मग वांगी-बटाटे पडले. काही पाहुणे कुरकुरले, चुलत सासरे जेवण न करता गेले. आबा मात्र त्या दिवशी पहिल्यांदा सासऱ्यांच्या मांडीला मांडी लावून पंगतीत बसले.  परतीच्या होडीत यजमान मला म्हणाले, "गार पाणी पडलं की कातडं थरथरतं. घोड्याचं थरथरतं, बैलाचं थरथरतं. त्यात परवानगी कसली? साधी गोष्ट आहे." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "पण मग थरथरलं का नाही?"  इंजिनात वाफ कुठून कुठं जाते ते सगळं सांगणारा माणूस, होडीबाहेर हात घालून स्वतःच्याच मनगटावर पाणी सोडून बघत होता.

पावसाळा सरता सरता दौंडात गोवर आली. आमच्या क्वार्टरच्या रांगेत घरटी एक मूल आजारी. माझ्या मुलाच्या अंगावर पुरळ उठलं आणि एकाएकी मावळलं. बायका म्हणाल्या, गोवर आत गेली. ताप उतरेना, छाती भरून आली. रेल्वेच्या डॉक्टरांनी औषध दिलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर मला आशा दिसली नाही. शेजारची मावशी पाटा घ्यायला आली आणि दारातच म्हणाली, "तुमचा नवस राहिलाय ना गं?"

मला तेवढंच ऐकायचं होतं जणू. माझ्या डोळ्यांपुढं तो बोकड उभा राहिला. मळ्यातून मोकळा हिंडणारा, लोकांच्या ज्वारीत तोंड घालणारा, देवाचा म्हणून कुणी हाकलत नसलेला. आणि मला त्याचा राग आला, असा की त्याच्या नरडीला मीच हात घालीन. अंडं न शिवलेली मी, बेडकासाठी बैल थांबवणाऱ्या बापाची लेक. आपल्या आत एवढं काही असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. यजमान ड्युटीवरून आले. मी म्हटलं, "वडगावला जा. बोकड कापायला सांगा." मला वाटलं हसतील. ते हसले नाहीत. तोंड धुतलं आणि तसेच गाडीला गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले ते आत्याबाईंना घेऊन. आत्याबाई दारात पाय धुऊन आत आल्या, मुलाच्या कपाळाला हात लावला.

"कापला?" मी विचारलं.

"न्हाई."

"आत्याबाई, लेकरू हातचं चाललंय माझं."

"माझंबी न्हाई का?" त्या म्हणाल्या. मग खाली बसल्या, मुलाला मांडीवर घेतलं आणि हळू आवाजात, त्यांचा तेवढा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते, सांगायला लागल्या. "गेले हुते गं मी. सकाळच्याला तांब्या भरून म्हसोबापशी गेले. त्यो आपला आला मागनं. मुलाणी मामालाबी बोलावलं हुतं. पाणी हातात घेतलं आन् तसंच परत तांब्यात सोडलं. म्हटलं, आता ह्यानं अंग झाडलं तर मला काय कळणार? त्यो व्हय म्हणतोय का माझं भ्याव व्हय म्हणतंय? तवा न्हाई म्हणाला, सगळ्या गावानं ऐकलं. आता आपल्या घरात ताप आला म्हणून त्याचं न्हाई पुसून टाकायचं?"

"मग नवसाचं काय?"

"ते मी सांगून आलेय देवाला. नवस मी बोलले. बोकड न्हाई बोलला, आन् हे लेकरूबी न्हाई बोललं. म्हसोबाला म्हटलं, तुला घ्यायचं तर माझ्याकडनं घे. मी हाय हितं."

यजमान भिंतीला टेकून उभे होते. ते बाहेर गेले आणि ओट्यावर तोंड फिरवून बसले.

आत्याबाई मुलाला मांडीवर घेऊन बसल्या त्या बसल्याच. डॉक्टरांचं औषध वेळेवर पाजत होत्या, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकत होत्या. मी जेवण पुढं ठेवलं तर दोन घास खायच्या. एके दिवशी दुपारी, बाहेर मालगाडी शंटिंग करत होती, त्या धडधडीत मुलानं डोळे उघडले आणि आजीच्या नाकातली नथ पकडली. अंगाला घाम फुटला होता. ताप उतरला होता. औषधानं उतरला, शेकानं उतरला, की आणखी कशानं, ते मी कधीच ठरवू शकले नाही. आत्याबाईंनी ठरवायचा प्रयत्नही केला नाही. त्या मुलाला माझ्याकडं देऊन तिथंच आडव्या झाल्या आणि घोरायला लागल्या.

पुढं वर्षभर त्या वाट बघत होत्या. म्हसोबा आपल्याकडून काय घेतो, याची. बांधावर पाय घसरला, विळा लागला, दाढ दुखली की म्हणायच्या, "आला का रं न्यायला?" आणि मोठ्यानं हसायच्या. हसायच्या, पण मला ठाऊक होतं, त्या खऱ्याच तयार होत्या. म्हसोबानं काही घेतलं नाही. त्या पुढं म्हातारपणापर्यंत धडधाकट राहिल्या. आणि मटण त्यांनी सोडलं नाही. त्याचंच मला सगळ्यांत नवल वाटायचं. त्या प्रकारानंतर त्या माळ घालतील असं आमच्या भांडगावात सगळ्यांना वाटलं होतं. आबांनी एकदा थट्टेनं विचारलंही. त्या म्हणाल्या, "माळ कशाला? मी काय वाईट करते का? मी इचारून खाते."

"कोंबड्यांना कुठं विचारता?" मी मागून म्हटलं. सहज म्हटलं.  पण पुढच्या वेळी पाहुणे आले आणि कोंबडं धरलं, तेव्हा मी पाहिलं, त्यांनी त्याच्यावर पाणी शिंपडलं आणि थांबल्या. कोंबडं लगेच पिसं फुलवून झाडतं. तरी त्या थांबायच्या.

दुसऱ्या वर्षी शेजारच्या मळ्यात जावळ होतं. बोकड आणला, पाणी शिंपडलं आणि त्यानं मानेपासून शेपटीपर्यंत असं अंग झाडलं की थेंब आमच्या तोंडावर उडाले. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. मी घरी जाऊ शकत होते. गेले नाही. आत्याबाईंच्या शेजारी उभी राहिले आणि पहिल्यांदा सगळं पाहिलं. मुलाणी मामांनी त्याला आडवं केलं, एक हात डोळ्यांवर ठेवला. ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेतलं. मग फार थोडा वेळ. त्या थोड्या वेळात एवढं मोठं काही घडलं. आत्ता होतं आणि आत्ता नाही. जे गेलं ते कुठून आलं होतं, आणि कुठं गेलं? उन्हात त्याच्या अंगातून वाफ निघत होती. मी बाळंतपणं केली होती, बाळं गेलेली पाहिली होती. पण तिथं दुःखच एवढं होतं की दुसरं काही दिसलं नव्हतं. इथं मला पहिल्यांदा दिसलं, जीव म्हणजे केवढी मोठी गोष्ट आहे, आणि आपण रोज दोन वेळा तोंड उघडतो ते कशाकशावर.

आत्याबाईंनी माझा दंड धरला होता. "बघितलंस?" एवढंच म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी त्यांच्या चुलीवर त्यांचं मटण शिजवायला लागले. खाल्लं नाही, आजही खात नाही. पण ज्या घरात ते होतं त्या घरात पाठ फिरवून बसणं मला बरोबर वाटेना. हात लावताना आधी नमस्कार करायचे. वाटण माझ्या हातचं चांगलं व्हायचं, असं यजमान म्हणायचे. मला विचारलं, हे पाप का पुण्य, तर आबा एक सांगतील, आत्याबाई दुसरं सांगतील, आणि मला दोघांपुढंही वाकावंसं वाटतं.

आमचा बोकड बरीच वर्षं जगला. थोराड झाला, दाढी वाढली, वास इतका मारायचा की वाऱ्याची दिशा बदलली की कळायचं. कुणाच्याही शेतात शिरायचा. लोक शिव्या द्यायचे, पण दगड कुणी मारला नाही. शेवटी एका उन्हाळ्यात तो निंबाखाली बसला तो उठलाच नाही. मी सुट्टीत मुलांना घेऊन वडगावला गेले होते. सासऱ्यांनी निरोप पाठवला, मुलाणी मामा कुदळ घेऊन आले. दोघंही आता म्हातारे. आळीपाळीनं खणत होते, दम खात होते. तळाशी आत्याबाईंनी कडब्याची पेंढी सोडून अंथरली. सासऱ्यांनी गुलाल टाकला. मामांनी हात वर करून काहीतरी म्हटलं. माती लोटून झाल्यावर सासरे त्यांना म्हणाले, "मामा, इतकी जनावरं गेली तुमच्या हातनं. पुरलं कवा व्हतं का एखादं?"

"न्हाई बा," मामा म्हणाले. घाम पुसत होते. "ह्ये पहिलंच. च्या करायला सांगा आता."

मी चहा ठेवला. आत्याबाई म्हणाल्या, गूळ जरा जास्त टाक, दमलेत दोघं.